पाण्याचा सामू (पीएच) प्रकाशाने मोजायचा तर: पायरानीन, दोन एलईडी आणि एक गुणोत्तर

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून एक पिवळा हायलाइटर आणा. त्याची वात पक्कडीने ओढून अर्धा लिटर पाण्यात क्षणभर बुडवा. पाणी जेमतेम पिवळसर दिसलं की पुरे. ते पाणी दोन काचेच्या वाट्यांत घ्या. एकीत चमचाभर व्हिनेगर घाला, दुसरीत चिमूटभर धुण्याचा सोडा. खोलीत अंधार करा आणि आधी नोटा तपासायची जांभळी टॉर्च दोन्हींवर मारा. दोन्ही वाट्या हिरव्या चमकतात, व्हिनेगरची जरा जास्तच. आता निळा एलईडी धरा. सोड्याची वाटी झगझगीत पेटते आणि व्हिनेगरची जवळजवळ विझते.

आम्ल तेच, रंगद्रव्यही तेच. बदलला तो फक्त त्यावर पाडलेला प्रकाश. ही संपूर्ण पद्धत याच फरकावर उभी आहे. (दोन्ही टॉर्चखाली दोन्ही वाट्या सारख्याच बदलल्या, तर त्या हायलाइटरच्या शाईत वेगळं द्रव्य आहे. दुसऱ्या कंपनीचा घ्या.)

हायलाइटरमधल्या या द्रव्याचं नाव पायरानीन. शाई खेळापुरती ठीक, पण मोजमापासाठी शुद्ध पूडच लागते, कारण शाईत ग्लायकॉल, संरक्षकं आणि इतर रंगही असतात.

नुसत्या चमकेवर विश्वास का ठेवू नये

हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. लिटमस असो की फिनॉल रेड, रंग बदलणारे सगळे दर्शक याच जातीचे. त्यांचा रंग डोळ्यांना दिसायला द्रव्य बरंच घालावं लागतं आणि गढूळ पाण्यात छटा ओळखता येत नाही. प्रतिदीप्ती देणारं द्रव्य, म्हणजे एक प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश परत देणारं, काळ्या पार्श्वभूमीवर उजळून दिसतं, त्यामुळे लिटरमागे एक मिलिग्रॅम पुरतो. एवढं कमी द्रव्य घातल्याने नमुन्याचा स्वतःचा सामूही फारसा हलत नाही.

पण चमक कमी झाली म्हणजे आम्लता वाढली, असं म्हणता येत नाही. द्रव्य थोडं कमी पडलं असेल, एलईडी तापला असेल, नळीवर बोटाचा ठसा असेल किंवा उन्हाने द्रव्याचा रंग उडाला असेल. फ्लुरोसीनचं नेमकं हेच दुखणं आहे. १८७१ मध्ये अडोल्फ फॉन बायरने बनवलेलं हे द्रव्य आजही सर्वांत परिचित आहे. सामू ६.४ च्या आसपास त्याची चमक झपाट्याने बदलते. मात्र एकाच निळ्या प्रकाशात ते पाहिलं, तर सामू आणि द्रव्याचं प्रमाण यांचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

पायरानीन इथे उपयोगी पडतं. त्याचं आम्लरूप ४०३ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाला शोषतं, अल्करूप ४५४ च्या निळ्या प्रकाशाला, आणि दोन्ही रूपं सुमारे ५११ नॅनोमीटरचा हिरवाच प्रकाश परत देतात. आम्लरूपाने हिरवा प्रकाश का द्यावा? कारण प्रकाश शोषताक्षणी हा रेणू अतिशय तीव्र आम्ल बनतो आणि आपला प्रोटॉन पाण्याला देऊन टाकतो. चमकतो तेव्हा तो अल्करूपातच असतो. उत्तेजित रेणूची आम्लता अशी बदलते, हे थिओडोर फोर्स्टरने १९४९-५० च्या सुमारास दाखवलं. म्हणून एकच हिरवा फिल्टर आणि एकच संवेदक पुरतो. आलटून पालटून फक्त एलईडी लावायचे. निळ्याखालची चमक भागिले जांभळ्याखालची चमक, एवढंच गुणोत्तर काढायचं. द्रव्य दहा टक्के कमी पडलं तर वरचा आणि खालचा आकडा सारखाच घटतो आणि गुणोत्तर जागचं हलत नाही.

हे द्रव्य साधारण सामू ६.३ ते ८.३ या पट्ट्यात चांगलं काम करतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली मर्यादा ६.५ ते ८.५ आहे. नदी, विहीर आणि बोअरचं बहुतेक पाणी याच पट्ट्यात येतं. दही, लिंबूपाणी किंवा ताक यांसाठी पायरानीन निरुपयोगी आहे. तिथे काचेच्या इलेक्ट्रोडचा सामूमापकच वापरावा.

लागणारं सामान

इलेक्ट्रॉनिक भाग तपकीर गल्लीत आणि बुधवार पेठेच्या आसपास शोधावेत: ४०५ नॅनोमीटरचा एक आणि ४५० नॅनोमीटरचा एक असे ५ मिमी एलईडी, बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (हाच संवेदक), एमसीपी६००२ ऑप-अँप (त्याचा क्षीण प्रवाह व्होल्टमध्ये बदलणारी चिप), एडीएस१११५ हे व्होल्टचा आकडा करणारं १६ बिटचं मॉड्यूल आणि एक अर्डुइनो (हे सगळं चालवणारा छोटा संगणक-बोर्ड). निळा एलईडी मागितला की बहुधा ४७० चा हातात पडतो. त्याच्या प्रकाशाची शेपटी ५०० च्या पलीकडे हिरव्यात शिरते आणि चमक नसतानाही संवेदक आकडा दाखवतो. ‘रॉयल ब्लू’ म्हणून ४५० चाच मागा.

नळी घेताना सर्वाधिक चूक होते. नेहमीच्या क्युव्हेटच्या (मोजमापाच्या चौकोनी नळीच्या) दोन बाजू खरखरीत असतात, त्या फक्त आरपार जाणाऱ्या प्रकाशासाठी. इथे प्रकाश एका बाजूने आत जातो आणि चमक काटकोनातून बघायची असते, म्हणून चारही बाजूंनी पारदर्शक असलेली क्युव्हेट हवी. ४०५ ला क्वार्ट्झची गरज नाही, साधं पॉलिस्टायरीन चालतं.

फिल्टर म्हणून गडद पिवळ्या-नारिंगी ॲक्रिलिकचा तुकडा पुरतो. विकत घेण्याआधी त्यावर जांभळी टॉर्च मारून पाहा. तो स्वतःच चमकला तर तो जाहिरातीच्या फलकांसाठीचा निऑन ॲक्रिलिक आहे, तो अजिबात नको.

रसायनांत पायरानीन, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, शुद्ध सोडियम क्लोराइड, सोडियम हायड्रॉक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम थायोसल्फेट. घरचं आयोडीनयुक्त मीठ चालत नाही. ते मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पदार्थांनी सामू हलतो. प्रमाणित करण्यापुरता एक सामूमापक हाताशी हवा. तो ४, ७ आणि ९.२ च्या बफर गोळ्यांनी (बफर म्हणजे ठरलेला सामू टिकवून धरणारं द्रावण) त्याच दिवशी लावून घ्यावा.

डबी आणि मंडल

काळ्या प्लास्टिकच्या किंवा फोमच्या ठोकळ्यात क्युव्हेट घट्ट बसेल असा चौकोनी खड्डा करा. दोन एलईडी समोरासमोरच्या भिंतींत बसवा आणि फोटोडायोड दोघांना काटकोनात, मध्ये फिल्टर ठेवून. आतून पांढरा कागद कधीही लावू नका. कागदात उजळक असतात आणि जांभळ्या प्रकाशात ते निळे चमकतात. झाकणाची कड काळ्या फोमने बंद करा.

प्रत्येक एलईडीला २२० ओमचा रोध द्या, ५ व्होल्टवर साधारण ८ मिलिअँपियर वाहतो. फोटोडायोडचा कॅथोड ऑप-अँपच्या वजा टोकाला, ॲनोड भूमीला. आउटपुट आणि वजा टोक यांच्यामध्ये १ मेगाओमचा रोध आणि त्याला समांतर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. अधिक टोक थेट भूमीला जोडायचा मोह टाळा. एका पुरवठ्यावर चालणाऱ्या ऑप-अँपचं आउटपुट पूर्ण शून्यापर्यंत उतरत नाही, त्यामुळे अंधारातलं वाचन तळाशी चिकटतं आणि वजाबाकी खोटी ठरते. ४७ किलोओम आणि १ किलोओमची विभागणी करून तिथे सुमारे ०.१ व्होल्ट द्या.

वाचनाचा क्रम: अंधार, जांभळा, अंधार, निळा, अंधार. प्रत्येक टप्पा २०० मिलिसेकंद चालवून सरासरी घ्या. २०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झची दहा पूर्ण आवर्तनं बसतात, म्हणून विजेच्या तारांची गुणगुण आपोआप कटते. प्रत्येक रंगाच्या आकड्यातून त्याच्या आजूबाजूच्या दोन अंधारांची सरासरी वजा करा. एलईडी सतत पेटते ठेवू नका; तापले की तरंगलांबी सरकते आणि द्रव्यही उडू लागतं. अशा पाच फेऱ्यांची सरासरी म्हणजे एक वाचन.

उघड्या डोळ्यांनी ४०५ च्या एलईडीकडे पाहू नका. तो मंद वाटतो, पण तो मंद नसतो. आपल्या डोळ्यांना तो रंग नीट दिसत नाही एवढंच.

द्रव्याआधी नुसतं ऊर्ध्वपातित पाणी ठेवून पाहा. एलईडी लावल्यावर वाढणारा आकडा पुढे द्रव्य घातल्यावर मिळणाऱ्या आकड्याच्या २ टक्क्यांच्या आत असावा. जास्त आला तर फिल्टर गळतो आहे किंवा क्युव्हेटच्या कोपऱ्यावर प्रकाश आपटतो आहे. एलईडीसमोर ३ मिमी भोकाची काळी पट्टी लावली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

द्रावणं

पायरानीनचा रेणुभार ५२४.४. त्याचे ५२.४ मिलिग्रॅम १०० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा, हे १ मिलिमोलर मूळ द्रावण. त्याचे १० मिलि १०० मिलि करा, हे वापरायचं द्रावण. दोन्ही तपकिरी बाटलीत, फ्रिजमध्ये.

प्रमाणित बफर दोन द्रावणांपासून होतात. द्रावण ‘अ’: लिटरमध्ये २.७२ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ४.६८ ग्रॅम सोडियम क्लोराइड. द्रावण ‘ब’: लिटरमध्ये २.८४ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट आणि २.३४ ग्रॅम सोडियम क्लोराइड. बाटलीवर ‘डायहायड्रेट’ लिहिलं असेल तर २.८४ ऐवजी ३.५६ ग्रॅम घ्या. लेबल न वाचता वजन केल्याने अख्खी मालिका वाया जाते.

मिठाची दोन वेगळी वजनं मुद्दाम दिली आहेत. ‘ब’ मधल्या फॉस्फेटवर दुहेरी भार असतो, म्हणून त्याची स्वतःची आयनिक तीव्रता, म्हणजे विरघळलेल्या भारित कणांचं एकूण माप, जास्त. या वजनांनी दोन्ही द्रावणांची तीव्रता ०.१ मोलर होते आणि ती कुठल्याही प्रमाणात मिसळली तरी ०.१ च राहते. हे का महत्त्वाचं, ते पुढे.

अ आणि ब यांचं प्रमाण ९:१ ठेवलं तर सामू ५.९ च्या आसपास येतो. ७:३ ला ६.५, ५:५ ला ६.९, ३:७ ला ७.२, २:८ ला ७.५, १:९ ला ७.८ आणि ०.५:९.५ ला ८.१. हे फक्त अंदाजी आकडे आहेत. मिसळल्यावर प्रत्येकाचा खरा सामू इलेक्ट्रोडने मोजून बाटलीवर दशांशाच्या दोन घरांपर्यंत लिहा.

दोन टोकंही लागतात. आम्ल टोकासाठी १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ०.१ मोलर मिठात. अल्कली टोकासाठी लिटरमध्ये ०.४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि ५.२६ ग्रॅम सोडियम क्लोराइड.

मिठाचा मुद्दा

घरगुती सामूमापक चुकतात ते बहुधा इथेच. पायरानीनच्या आम्लरूपावर उणे तीन भार, अल्करूपावर उणे चार. आसपास आयन जास्त असले की चार भारांचं रूप जास्त स्थिरावतं, म्हणून द्रव्याचा पीके (ज्या सामूला दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात तो आकडा) खाली येतो. ०.१ मोलर मिठात तो ७.३ च्या जवळ असतो. नदीच्या विरळ पाण्यात ७.७ च्या पुढे जातो. म्हणजे बफरमध्ये प्रमाणित केलं आणि थेट मुठेच्या पाण्यात मोजलं, तर सामू खऱ्यापेक्षा सुमारे ०.४ ने कमी येतो. उपकरण बरोबर, वाचन स्थिर, आणि उत्तर चूक. इलेक्ट्रोडशी ताडून पाहिल्याशिवाय हे ध्यानातही येत नाही.

उपाय सोपा आहे. नमुन्यालाही तेवढंच मीठ द्या. १०० मिलिमध्ये ११.७ ग्रॅम म्हणजे २ मोलर मिठाचं द्रावण करून ठेवा. मिठाने नमुन्याचा खरा सामूही थोडा सरकतो, पण बायकार्बोनेटच्या पाण्यात तो सरक ०.१ हून कमी असतो. ०.४ पेक्षा ते कितीतरी परवडतं.

प्रत्यक्ष मोजणी

प्रमाणित बफरसाठी: १० मिलि बफर, ०.५ मिलि ऊर्ध्वपातित पाणी, ०.२ मिलि पायरानीन. नमुन्यासाठी: १० मिलि नमुना, ०.५ मिलि मीठ-द्रावण, ०.२ मिलि पायरानीन. द्रव्य साधारण २ मायक्रोमोलर होतं. यापेक्षा फार जास्त घालू नका. द्रव्य दाटलं की पुढच्या थरातच प्रकाश संपतो, आतपर्यंत पोहोचतच नाही. मग द्रव्य दुप्पट करूनही चमक दुप्पट होत नाही आणि गुणोत्तरही वाकतं.

नळी दोनदा उलटी-सुलटी करा. जोरात हलवू नका, भिंतीला चिकटलेले बुडबुडे प्रकाश विखुरतात. क्युव्हेट बाहेरून टिश्यू पेपरने पुसा, धुतलेल्या फडक्याने नाही. साबणाच्या पावडरीतले उजळक फडक्यात राहतात आणि काचेवर उतरतात. हात लावायचा तो वरच्या कडेला.

प्रत्येक नमुन्याची द्रव्याशिवायची एक कोरी नळीही वाचा आणि तिचे जांभळे-निळे आकडे वजा करा. शहरातून वाहणाऱ्या पाण्यात कुजलेल्या पाल्याची आणि सांडपाण्यातल्या डिटर्जंटची स्वतःची चमक असते, आणि ती जांभळ्या प्रकाशात जास्त उठते. कोरी नळी टाळली तर भाजक फुगतो आणि पाणी आहे त्याहून आम्लधर्मी दिसतं. पाणी गढूळ असेल तर आधी अर्धा तास निवळू द्या, बाटली बंद ठेवूनच.

आता हिशेब. गुणोत्तराला ‘ग’ म्हणू, आम्ल टोकाचं ‘ग-आम्ल’, अल्कली टोकाचं ‘ग-अल्क’.

सामू = क + लॉग [(ग − ग-आम्ल) ÷ (ग-अल्क − ग)]

लॉग दहाच्या पायाचा. ‘क’ हा तुमच्या डबीचा स्थिरांक. त्यात द्रव्याचा पीके येतो, आणि दोन टोकांना जांभळ्या प्रकाशात किती चमक मिळते यातला फरकही. तो कुठल्या पुस्तकातून घेता येत नाही. सात बफरांचे सामू उभ्या अक्षावर, कंसातल्या लॉगची किंमत आडव्या अक्षावर मांडा. सरळ रेषा येते आणि ती उभ्या अक्षाला छेदते तिथे ‘क’ मिळतो. रेषेचा उतार १ च्या अगदी जवळ असायला हवा. ०.९ किंवा १.१ आला तर दोन टोकांपैकी एखादं चुकलं आहे, बहुधा उरलेली गळती वजा झालेली नाही.

उदाहरण म्हणून आकडे: ग-आम्ल ०.०६, ग-अल्क ४.२०, क ७.७८. नमुन्याचं ग १.२० आलं. १.१४ भागिले ३.०० म्हणजे ०.३८, त्याचा लॉग उणे ०.४२, सामू ७.३६. इथे गुणोत्तरात २ टक्क्यांची चूक झाली तरी सामू फक्त ०.०१ ने हलतो. तेच ग ०.१० आलं तर सामू ५.८ निघतो खरा, पण तिथे ०.०१ एवढ्या किरकोळ गळतीने उत्तर ०.१ ने बदलतं. पट्ट्याच्या बाहेरचे आकडे लिहून ठेवू नयेत.

खात्री कशी करायची

एका बफरमध्ये द्रव्य ०.२ ऐवजी ०.४ मिलि घाला. दोन्ही आकडे जवळपास दुप्पट व्हायला हवेत आणि गुणोत्तर २ टक्क्यांत तेच राहायला हवं. एकच आकडा दुप्पट झाला नाही, तर ऑप-अँप वरच्या मर्यादेला टेकला आहे. अल्कली टोकाला निळ्याचं वाचन ३.५ व्होल्टच्या खाली राहील एवढा त्या एलईडीचा रोध वाढवा. रोध, एलईडी, फिल्टर यांतलं काहीही बदललं की संपूर्ण प्रमाणीकरण पुन्हा.

महानगरपालिकेच्या नळाचं पाणी मोजताना आकडा फेरीगणिक घसरत असेल तर ते क्लोरीनचं काम, ते द्रव्य खाऊन टाकतं. ०.१ टक्का थायोसल्फेटचे दोन थेंब द्रव्याआधी घाला. भांडी फरशी पुसायच्या जंतुनाशकाने धुतली असतील तरी गडबड होते. त्यातले धनभारित साबणद्रव्य पायरानीनला धरून बसते. भांडी साध्या पाण्याने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळा.

बफर आणि नमुने एकाच तापमानाला मोजा. फ्रिजमधून काढलेला बफर आणि मे महिन्यातल्या दुपारी आणलेलं पाणी यांची तुलना करू नका, दोन्ही तासभर एकाच टेबलावर राहू द्या. थंड क्युव्हेटवर दव जमतं, तेही प्रकाश विखुरतं.

नमुना घेताना बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उघड्या बाटलीतून निसटतो आणि तासाभरात सामू वर चढतो. पाषाण तलावासारख्या साठलेल्या पाण्यात शेवाळ दिवसा तोच वायू वापरतं, म्हणून सकाळी आठचा आणि दुपारी तीनचा सामू वेगळा येतो. दोन्ही खरे असतात. वहीत सामूच्या शेजारी वेळ, पाण्याचं तापमान, ‘ग’ आणि दोन्ही मूळ आकडेही लिहा. पुढे ‘क’ सुधारला तर जुनी वाचनं पुन्हा काढता येतात; नुसता सामू लिहिला असेल तर येत नाहीत.

वापरायचं द्रावण महिन्याने नवं करा. मूळ द्रावण उरलं तर ते नदीत किंवा ओढ्यात टाकू नका. पाण्याचा माग काढणारे लोक असलीच द्रव्यं वापरतात, आणि त्यांच्या वाचनात ते घुसतं.